सिंहस्थाचा मुहूर्त आणि सर्व्हरची मुदत

नाशिकमध्ये सध्या चहाच्या टपरीवर दोन माणसं उभी राहिली की सिंहस्थाचा विषय निघतो. त्र्यंबक रस्त्याचं रुंदीकरण, तपोवनातली झाडं, घाट, पार्किंग, भूसंपादन. या सगळ्यावर बोललंच पाहिजे. पण बंद काचेच्या दारामागे, एसीच्या घरघरीत जे सर्व्हर रात्रंदिवस चालू असतात, त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हा आठवडा त्यांचा. त्यातही एकाच सर्व्हरचा: बाकीच्या सगळ्या सर्व्हरांचा कारभार जिथून हाकला जातो, त्या व्यवस्थापन सर्व्हरचा आणि त्याच्या अपग्रेडच्या तयारीचा.

आधी तारखा बघा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७, दुसरं ३१ ऑगस्टला. तिसरं नाशिकला ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला. ध्वज उतरणार २४ जुलै २०२८ रोजी.

आता दुसऱ्या तारखा. सर्व्हरांच्या दुनियेत व्हीएमवेअरचं व्हीस्फिअर हे नाव गेली पंधराहून अधिक वर्षं घरोघरी, म्हणजे कार्यालयोकार्यालयी, आहे. त्याच्या ७ व्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ८ व्या आवृत्तीचा संपतो ११ ऑक्टोबर २०२७ ला. म्हणजे कुशावर्तावर ध्वज फडकत असतानाच. ज्याच्या सर्व्हररूममध्ये ७ आहे, तो आज उघड्यावर झोपला आहे. ज्याच्याकडे ८ आहे, त्याच्या डोक्यावरचं छप्पर मेळ्याच्या मध्यावर निघणार आहे.

‘मग ऑक्टोबरमध्ये बघू’ म्हणणाऱ्यांनी पंचांग उघडावं. पहिलं स्नान आषाढ अमावास्येला. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. श्रावणी सोमवारी त्र्यंबकला काय गर्दी असते हे नाशिककरांना सांगायला नको. तिसऱ्या सोमवारी तर ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लाखो पावलं रात्रभर चालत असतात, आणि हे सिंहस्थ नसलेल्या वर्षीही. श्रावण संपतो त्या अमावास्येला दुसरं स्नान. लगेच गणपती बसतात, आणि गणपतीतच तिसरं स्नान. मग पितृपक्ष, म्हणजे त्र्यंबकला श्राद्धविधींसाठी येणाऱ्यांची रीघ. मग नवरात्र, मग दसरा, की आलीच ११ ऑक्टोबर. या सव्वादोन महिन्यांत एकही रात्र अशी नाही, की ‘चार तास सिस्टीम बंद ठेवतो’ असं कुणी जबाबदार माणूस म्हणू शकेल.

त्र्यंबक हे २०११ च्या जनगणनेप्रमाणे १२ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. अरुंद गल्ल्या, मधोमध कुशावर्त. तिथे पर्वणीला दहा आखाडे एकापाठोपाठ एक उतरतात आणि त्यांच्या मागे न मोजता येणारा जनसागर. कॅमेरे, गर्दीचा अंदाज, हरवलेल्या माणसांच्या नोंदी, रुग्णालयातली नोंदणी, पोलिसांचा समन्वय, बसचं नियोजन, हे सगळं आता संगणकावर चालतं. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या सरदार चौकात ३९ भाविक चिरडून मेले. २९ जानेवारी २०२५ ला प्रयागराजला मौनी अमावास्येच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली, त्यात सरकारी आकड्याप्रमाणे ३० जण गेले. नियंत्रण कक्षातला एखादा पडदा ऐन गर्दीच्या वेळी काळा पडणं ही आता तांत्रिक कुरबूर राहिलेली नाही.

ज्यांचा या खात्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी चार ओळी. पूर्वी एका कामाला एक सर्व्हर असायचा. आता एका दणकट सर्व्हरवर वीस-तीस आभासी सर्व्हर चालतात. त्यांना व्हीएम म्हणतात. ज्या खऱ्या यंत्रावर ते चालतात तो होस्ट. असे पाच-दहा होस्ट एकत्र करून त्यांची देखभाल जिथून होते तो व्यवस्थापन सर्व्हर, व्हीएमवेअरच्या भाषेत व्हीसेंटर. नवी व्हीएम तयार करणं, चालती व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं, भार वाटून देणं, कोणाला काय करायची मुभा आहे ते ठरवणं, सगळं इथून. बॅकअपचं सॉफ्टवेअरही बहुतेक ठिकाणी याच्याच दारातून आत जातं.

आणि हा बंद पडला तर? बाकीच्या व्हीएम चालूच राहतात. एखादा होस्ट मेला, तर त्याच्यावरच्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर आपोआप उठवण्याची सोयही चालू राहते, कारण तिचे हस्तक प्रत्येक होस्टवरच असतात. इथेच घात आहे. व्हीसेंटर आजारी आहे हे कुणाला जाणवतच नाही. कॅमेरे दिसतायत, बिलं निघतायत, साहेब खूश. ‘चालू आहे ना, मग हात लावू नका’ हे वाक्य मी या क्षेत्रात इतक्या वेळा ऐकलं आहे, की ते भिंतीवर लिहून त्यावर फुली मारावी असं वाटतं. कारण भार वाटला जात नसतो, व्हीएम हलवता येत नसते, बॅकअप रात्री अपयशी होऊन गुपचूप पडलेला असतो. हे कळतं कधी? होस्टची मेमरी बिघडते आणि तो रिकामा करायची वेळ येते तेव्हा.

त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्या आठवा. वही जीर्ण झाली की नवी उतरवून काढायची, नोंद नि नोंद ताडून बघायची, आणि तोवर जुनीला गोदावरीत सोडायचं नाही. व्हीसेंटरचं अपग्रेड नेमकं असंच होतं. जुन्यावर नवं चढवलं जात नाही. पहिल्या टप्प्यात शेजारी नवा कोरा व्हीसेंटर उभा राहतो, तात्पुरत्या आयपीवर. दुसऱ्या टप्प्यात जुन्यातली माहिती नव्यात येते, जुना बंद होतो, आणि नवा त्याचं नाव आणि पत्ता धारण करतो. जुना पुसला जात नाही, नुसता बंद असतो. काही बिघडलं तर नवा बंद करून जुना परत चालू करता येतो. म्हणजे परतीची वाट कंपनीनंच ठेवली आहे. ती वाट बुजवण्याचं काम आपण तयारी न करून करतो.

कशी, ते सांगतो. ब्राउझरमध्ये व्हीसेंटरच्या नावापुढे ५४८० हा पोर्ट टाकला, की त्याचं अंतर्गत व्यवस्थापनाचं पान उघडतं. तिथे रूटचा पासवर्ड लागतो. या पासवर्डची मुदत मुळात ९० दिवसांची असते आणि या पानावर वर्षानुवर्षं कोणी फिरकलेलंच नसतं. नाशिक परिसरातल्या एका संस्थेत मी हा प्रसंग जवळून पाहिला. रात्री साडेअकराची वेळ, डाऊनटाइमची परवानगी पहाटे तीनपर्यंत, व्हेंडरचा इंजिनिअर लॅपटॉप उघडून बसलेला. पासवर्ड टाकला, नाकारला. दुसरा टाकला, नाकारला. ज्यानं तो ठेवला होता तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला आणि त्याचा फोन बंद. पासवर्ड रीसेट करण्याची पद्धत आहे, ती झालीही. पण त्यात पाऊण तास गेला. पुढच्या तपासणीत इन्स्टॉलरनं जागा अपुरी असल्याचं सांगितलं, कारण लॉगचं विभाजन काठोकाठ भरलेलं. दोन वाजता सगळे घरी. अपग्रेड पुढच्या महिन्यावर. त्या रात्री तंत्रज्ञान कुठेही कमी पडलं नाही. आठ दिवस आधी कुणी दहा मिनिटं ते पान उघडून पाहिलं असतं, तर रात्र वाया गेली नसती.

तर तयारी म्हणजे हे. सगळ्यात आधी डीएनएस. व्हीसेंटरच्या नावावरून आयपी आणि आयपीवरून तेच नाव, दोन्ही बाजूंनी जुळलं पाहिजे. निम्मी अपग्रेडं इथेच अडखळतात, असं या कामातले लोक सांगतात आणि माझाही अनुभव तोच आहे. मग घड्याळ. व्हीसेंटर आणि सगळे होस्ट एकाच वेळेच्या स्रोताला बांधलेले हवेत, कारण दोन घड्याळांत फरक पडला की लॉगिनची यंत्रणा विश्वास ठेवत नाही. मग सर्टिफिकेटं. लॉगिनची टोकनं ज्या सर्टिफिकेटची सही होऊन निघतात, त्याची मुदत काही आवृत्त्यांत दोनच वर्षांची होती. ते संपलं की कोणीच आत जाऊ शकत नाही, अगदी मुख्य ॲडमिनही नाही. मेळ्याच्या काळात कोणतं सर्टिफिकेट कोणत्या दिवशी संपतं, याचा कागद भिंतीवर लावा.

बॅकअपबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सर्वात मोठा भ्रम इथे आहे. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप, असं पुष्कळांना वाटतं. स्नॅपशॉट त्याच स्टोअरेजवर असतो. स्टोअरेज गेलं की दोन्ही गेले. खरा बॅकअप त्याच ५४८० च्या पानावरून, बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवर, रोज ठरल्या वेळी निघाला पाहिजे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: हा बॅकअप परत बसवायला नेमक्या त्याच बिल्डचा इन्स्टॉलर लागतो. त्याची आयएसओ फाइल जपून ठेवली नसेल, तर बॅकअप हातात असूनही तुम्ही हात चोळत बसाल. आणि आता ती वाटेल तेव्हा वाटेल तिथून उतरवून घेता येईल अशी परिस्थितीही नाही. २०२५ च्या एप्रिलपासून व्हीएमवेअरचे पॅच उतरवायचे जुने पत्ते बंद झाले. ग्राहकाच्या नावाचं टोकन लागतं, आणि ते मिळायला चालू करार लागतो. एकाहून जास्त व्हीसेंटर एकमेकांना जोडलेले असतील, तर अपग्रेडआधीचे स्नॅपशॉट सगळ्यांचे एकाच वेळी, सगळे बंद करून घ्यायचे. एकाचा आजचा आणि दुसऱ्याचा कालचा, हे चालत नाही.

अजून एक बारीक गोष्ट, जी कागदावर क्वचित येते. नवा व्हीसेंटर ज्या नेटवर्कवर उभा करायचा ते नेटवर्क बऱ्याच ठिकाणी वितरित, म्हणजे सगळ्या होस्टांना सामाईक अशा आभासी स्विचवर असतं, आणि त्या स्विचचा कारभार खुद्द व्हीसेंटरकडे. थेट होस्टवर नवा व्हीसेंटर उभा करायला गेलं, की नेहमीचा पोर्टग्रुप यादीत दिसतच नाही. त्यासाठी ‘इफेमरल’ प्रकारचा एक पोर्टग्रुप आधी करून ठेवावा लागतो. पाच मिनिटांचं काम आहे. पण व्हीसेंटर बंद पडलेला असताना ते करता येत नाही. तसंच, अपग्रेडच्या रात्री जुना व्हीसेंटर कोणत्या होस्टवर आहे ते लिहून ठेवा, आणि भारवाटप स्वयंचलित ठेवू नका, नाहीतर तो मध्येच दुसरीकडे जाऊन बसेल आणि तुम्ही एकेका होस्टवर लॉगिन करून त्याला शोधत फिराल.

क्रमही पाळायचा असतो. आधी बॅकअपचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीला ओळखतं का ते पाहायचं. व्हीम असो की आणखी काही, त्यांच्या तक्त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. मग व्हीसेंटर. मग एकेक होस्ट. ७ वरून थेट नव्या ९ व्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मध्ये ८ ची पायरी आहे. शिवाय ९ नं जुन्या प्रोसेसरांची आणि कार्डांची साथ सोडली आहे, म्हणजे काही ठिकाणी प्रश्न सॉफ्टवेअरचा उरणार नाही, सर्व्हरच नवे घ्यावे लागतील. सरकारी किंवा निमसरकारी ठिकाणी नवा सर्व्हर म्हणजे अंदाजपत्रक, मान्यता, निविदा, वर्क ऑर्डर. आज फाइल हलली तर सिंहस्थाआधी यंत्र येईल.

पैशाचा मुद्दा टाळून चालणार नाही. ब्रॉडकॉमनं २२ नोव्हेंबर २०२३ ला व्हीएमवेअर घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. आता फक्त वर्गणी. लहान संस्थांना ती पेलत नाही, ही तक्रार जगभर आहे आणि रास्त आहे. एकदा विकत घेतलेली वस्तू जन्मभर आपली, असं समजून ज्यांनी हिशेब मांडले त्यांची ही सरळ कोंडी आहे. म्हणून पुष्कळ जण प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालीकडे वळू पाहतात. जरूर वळावं. पण कधी? माझं मत स्पष्ट आहे: घर बदलायचं असेल तर २०२७ च्या गुढीपाडव्याच्या आत बदला, नाहीतर २४ जुलै २०२८ नंतर. सिंहस्थाच्या ऐन मध्ये अर्ध्या व्हीएम इकडे आणि अर्ध्या तिकडे, हा उद्योग कोणीही करू नये.

काहीच न करणं हा तिसरा पर्याय काही जण गुपचूप धरून बसतात. त्यांना दोन घटना सांगतो. २०२३ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला ‘ईएसएक्सआय आर्ग्ज’ नावाच्या खंडणीखोर हल्ल्यानं जगभरातले हजारो होस्ट कुलूपबंद केले. ज्या भगदाडाकडे बोट दाखवलं गेलं, त्याचा पॅच २०२१ च्या फेब्रुवारीत आला होता. दोन वर्षं तो तसाच पडून होता, कारण सगळं चालू होतं. दुसरी घटना व्हीसेंटरचीच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यातलं एक गंभीर भगदाड बुजवणारा पॅच आला, आणि नंतर उघड झालं की हेरगिरी करणारी एक टोळी ते २०२१ च्या अखेरपासून वापरत होती. व्हीसेंटर ज्याच्या हाती लागला, त्याच्या हाती सगळ्या व्हीएम लागतात. कोट्यवधी भाविकांकडे जगाचं लक्ष असताना असं दार उघडं ठेवणं हा बेजबाबदारपणा आहे, याला दुसरा शब्द नाही.

त्र्यंबकपुरती एक अडचण वेगळी आहे. पर्वणीच्या दिवसांत खासगी गाड्या गावाबाहेरच्या वाहनतळावर थांबवतात. गेल्या सिंहस्थात, २०१५ मध्येही तसंच होतं. जुलै-ऑगस्टचा त्र्यंबकचा पाऊस म्हणजे दहा फुटांवरचं दिसत नाही असा. अशा दिवशी ‘व्हेंडरचा माणूस मुंबईहून निघालाय’ या वाक्याला काडीचा अर्थ नसतो. जो माणूस लागणार आहे तो आदल्या दिवशी गावात मुक्कामाला हवा, त्याच्या पासाची सोय झालेली हवी, आणि त्याच्या हातात छापील कागद हवा: कोणता होस्ट, कोणता आयपी, कोणत्या क्रमानं काय बंद आणि काय चालू. हा कागद संगणकावर असून उपयोग नाही. ज्या व्हीएमवर तो ठेवला आहे तीच कदाचित उठत नसेल.

वेळापत्रक माझ्या मते असं असावं. २०२६ च्या दिवाळीच्या आत आजची आवृत्ती, करार आणि हार्डवेअर यांची यादी. डिसेंबरात एका वेगळ्या यंत्रावर बॅकअप प्रत्यक्ष रिस्टोअर करून बघणं. नुसती ‘यशस्वी’ अशी हिरवी खूण पुरेशी नाही. मग निवृत्तिनाथांची पौषातली यात्रा आणि महाशिवरात्र सोडून एखाद्या निवांत रात्री अपग्रेड. गुढीपाडव्यापर्यंत होस्टही पूर्ण. त्यानंतर जूनअखेर ज्या काही खोड्या निघतील त्या काढायच्या, आणि जुलैपासून तिसऱ्या स्नानापर्यंत तातडीच्या सुरक्षा पॅचशिवाय कशालाही हात लावायचा नाही. ‘हात लावू नका’ हे वाक्य म्हणायची योग्य वेळ तीच.

हे फक्त सरकारी नियंत्रण कक्षाला लागू नाही. त्र्यंबक रस्त्यावरची रुग्णालयं, कॉलेजं, नाशिकच्या सहकारी बँका, हॉटेलं, सातपूर-अंबडचे कारखाने, यांतल्या अनेकांच्या आयटी विभागात एक किंवा दोनच माणसं असतात. मेळ्याच्या काळात ताण त्यांच्यावरही येणार आहे. त्या माणसांना वरिष्ठांनी एक रात्र, थोडा पैसा आणि लेखी परवानगी द्यावी. मागितल्यावर द्यावी असंही नाही, आपणहून विचारून द्यावी.

आणि ज्यांच्याकडे व्हीसेंटर आहे त्यांना एक विनंती. हा अंक बाजूला ठेवल्यावर ५४८० चं पान उघडा, रूटच्या पासवर्डनं आत जा आणि शेवटचा यशस्वी बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते बघा. आत जाता आलं नाही, किंवा तारीख कालची नसली, तर तुमच्या सिंहस्थाच्या तयारीतलं पहिलं काम तेच आहे. उद्या सकाळी कामावर गेल्या गेल्या ते करा.